दुकान, सोपा, गोठा, तालीम : शिवाजी पेठेच्या बांधणीचा इतिहास

शिवाजी पेठ हा कोल्हापूरच्या जुन्या गावठाणाचा नैऋत्येकडचा भाग. अंबाबाईच्या देवळाकडून बिनखांबी गणेश मंदिरामार्गे निघाले की निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा, उभा मारुती चौक, गांधी मैदान ही ठिकाणे ओलांडत पेठ रंकाळ्याच्या बाजूला उतरते. इथल्या मिळकती आजही ‘ए वॉर्ड’ आणि सिटी सर्व्हे नंबर यांनीच ओळखल्या जातात. एकाच मिळकतीत राहणे, धंदा करणे आणि जनावर पाळणे ही या पेठेची मूळ रीत आहे. जुन्या वस्तीच्या पुनर्विकासासाठी खाली गाळे आणि वर सदनिका असा मिश्र वापराचा टॉवर सुचवला जातो, तेव्हा ती कल्पना बाहेरून आलेली वाटते. प्रत्यक्षात पेठेने हा मिश्र वापर जमिनीवर आडवा मांडून कित्येक पिढ्या चालवला आहे. तो उभा करताना काय टिकते आणि काय सुटते, हे पेठेच्या बांधणीच्या इतिहासातूनच कळते.

कोल्हापूर हे एका जागी वाढलेले गाव नव्हे. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर अशा सहा लहान वस्त्या मिळून ते झाले, असे गॅझेटियर सांगते. या वस्त्यांच्या मधे शेती, बागा आणि मुख्य म्हणजे तळी होती. रंकाळा ही मुळात दगडाची खाण, आणि परिसरातल्या देवळांचा दगड तिथूनच निघाला, अशी जुनी समजूत आहे. पेठेच्या जागी तेव्हा देवळे, शिवारे आणि वरुणतीर्थासारखी तळी होती. वस्ती दाट झाली ती राजधानी आल्यावर. १७८२ च्या सुमारास, दुसऱ्या शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत, करवीर राज्याचा कारभार पन्हाळ्यावरून कोल्हापुरात उतरला. दरबाराबरोबर मानकरी आले, शिलेदार आले, कारकून आले. त्यांच्या पाठोपाठ त्यांना धान्य, कापड, दागिने, चामडे आणि दूध पुरवणारी माणसे आली. शहराभोवती तट आणि खंदक होता. गंगावेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस, आदितवार वेस, मंगळवार वेस आणि शनिवार वेस ही त्याची दारे. तट पुढे पाडला गेला, पण वेशींची नावे राहिली आणि ‘तटाकडील तालीम’ या नावात तटही राहिला.

तटाच्या आत जागा मोजकी होती. म्हणून पेठेतल्या मिळकती रस्त्याला तोंडाने अरुंद आणि मागे लांब अशा पडल्या. रस्त्यावर तोंड असणे म्हणजे गिऱ्हाईक असणे, तेव्हा ते तोंड जास्तीत जास्त घरांत वाटले गेले. अशा घराचा छेद घेतला तर पेठेचे सगळे अर्थशास्त्र त्यात दिसते. पुढे काळ्या दगडाचे जोते आणि त्यावर ओटा. ओट्यामागे सोपा. धंदा असेल तर सोप्याच्या पुढच्या खणात फळ्यांची दारे लावून दुकान. फळ्या सकाळी एकेक करून काढायच्या आणि रात्री क्रमाने खाचेत बसवायच्या. दुकान नसेल तर त्याच सोप्यात शिंप्याचे यंत्र, सोनाराची बैठक किंवा वकिलाची गादी. मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर. त्यामागे परडे, परड्यात विहीर किंवा हौद, आणि अगदी मागे गोठा. माडीवर कुटुंबाचा वाढीव पसारा, नाहीतर एखादे भाडेकरू बिऱ्हाड. भिंती खाली दगडाच्या आणि वर विटांच्या, खांब-तुळया लाकडाच्या, छप्पर आधी नळीच्या आणि पुढे मंगलोरी कौलांचे. सरदारांच्या वाड्यांत हाच क्रम चौकाभोवती फिरे. साध्या घरात तो एका सरळ रेषेत असे.

या मांडणीत एक गोष्ट फार नेमकी साधलेली होती. गिऱ्हाईक ओट्यापर्यंत येई, पाहुणा सोप्यापर्यंत, नातलग माजघरापर्यंत आणि जनावर मागच्या बोळातून परड्यात. चौघांच्या वाटा एकमेकांत येत नसत. आजच्या वास्तुशिल्पाच्या पुस्तकात मिश्र वापराच्या इमारतीचा पहिला नियम म्हणून जो सांगितला जातो, की रहिवाशाचा आणि गिऱ्हाइकाचा रस्ता वेगळा हवा, तो इथे कोणीही न लिहिता पाळला जात होता. दुसरे असे की दुकान, घर आणि गोठा यांचा मालक एकच होता. दुकानाचे उत्पन्न घराच्या डागडुजीला जाई. पावसाळ्याआधी कौले चाळायची, वाळवी लागलेली तुळई बदलायची, हा खर्च कोणी उचलायचा असा प्रश्नच पडत नसे.

घरात जे मावत नव्हते ते गल्लीने उचलले. पेठेची खरी सार्वजनिक इमारत म्हणजे तालीम. खंडोबा तालीम, वेताळ तालीम, सरदार तालीम, फिरंगाई तालीम अशी नावे पेठेतल्या माणसाला आपल्या पत्त्याचा भाग वाटतात. तालीम म्हणजे तांबड्या मातीचा हौदा, मारुती, कट्टा आणि त्या कट्ट्यावर बसून गल्लीचे प्रश्न सोडवणारी माणसे. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला राजाश्रय मिळाला आणि १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले, तेव्हा पेठापेठांतल्या तालमींना नवे बळ आले. पुढे याच तालमी आणि तरुण मंडळे फुटबॉलचे संघ झाली. शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरते, ते या गल्ल्यांच्या ईर्षेमुळे. शिवजयंतीची मिरवणूक, गणपतीचा मांडव, कोणाच्या घरचे लग्न, कोणाच्या दारातली अंत्ययात्रा, या सगळ्यांसाठी रस्ता हीच सामाईक खोली होती. ती कोणाच्याही प्रॉपर्टी कार्डावर नोंदलेली नव्हती, म्हणून नव्या आराखड्यात ती सहज गळते.

गोठ्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण कोल्हापूरच्या जुन्या पेठांचे हे वेगळेपण इतर शहरांत लवकर पुसले गेले. पेठेतल्या अनेक कुटुंबांची शेती शहराबाहेर होती आणि म्हशी घरामागे. वैरण शेतातून येई, शेण परत शेतात जाई, दूध पेठेत विकले जाई. गंगावेस आणि मिरजकर तिकटीच्या दूधकट्ट्यांवर गवळी म्हशी घेऊन उभे राहतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. ही प्रथा याच व्यवस्थेची शहराच्या चौकात आलेली बाजू आहे. दिवाळीत शिंगे रंगवून, मोरपिसे लावून म्हशींची मिरवणूक निघते, तीही. म्हशीला रोज चार-दोन मजले चढवता येत नाहीत. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण पेठेतल्या गवळ्याच्या दृष्टीने पुनर्विकासाचा निर्णय इथेच होतो.

पाण्याचा इतिहास हा पुढच्या सगळ्या बांधकामाचा पाया आहे, शब्दशः. जुने कोल्हापूर तळ्यांवर आणि विहिरींवर जगत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंबा तलावाचे पाणी उताराने नळावाटे शहरात आले. ‘पाण्याचा खजिना’ हे मंगळवार पेठेकडचे ठिकाण त्या काळाची आठवण सांगते. नळ आल्यावर तळ्यांची गरज संपली, मग ती गाळाने आणि कचऱ्याने भरली आणि अखेर बुजवली गेली. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई झाली, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम, सिद्धाळ्याच्या जागी बाग आणि वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान. तळे बुजवले तरी उतार बदलत नाही. आजूबाजूच्या गल्ल्यांचे पावसाचे पाणी अजूनही गांधी मैदानाकडेच धावते आणि मोठ्या पावसात मैदानाचे पुन्हा तळे होते. पेठेत तळघरातले पार्किंग काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने जुलैत हे मैदान एकदा पाहावे. खोदलेल्या खड्ड्यात पाणी कुठून येते, हे मग नकाशावर शोधावे लागत नाही.

घरे आणि धंदे एकत्र असण्याविरुद्धचा पहिला मोठा कौल रोगराईने दिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्लेगमध्ये दाट वस्त्यांतली माणसे गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेली, आणि कोंदट, काळोख्या, धान्याने आणि उंदरांनी भरलेल्या घरांबद्दल भीती बसली. नव्या शहररचनेने त्याचा धडा असा घेतला की प्रत्येक गोष्टीला वेगळी जागा द्यायची. याची सुरुवात प्लेगच्या थोडी आधीच झाली होती: १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापूरला आली, त्यानंतर १८९५ मध्ये स्टेशनाजवळ शाहूपुरी वसली ती व्यापारासाठी, विशेषतः गुळाच्या. राजाराम महाराजांच्या काळात, १९२२ नंतर, राजारामपुरी आखली गेली. तिथे सरळ रस्ते आणि आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आल्या, घराभोवती मोकळी जागा आली. यंत्रांसाठी पुढे शिवाजी उद्यमनगर झाले. ही विभागणी आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होती. तिचा एक परिणाम मात्र पेठेला भोगावा लागला. ज्यांना परवडले ते नव्या वसाहतींत गेले. जुन्या पेठेतल्या घरात मागे राहिलेला हिस्सेदार, भाडेकरू आणि दुकानदार उरले.

मग कायद्याने घर गोठवले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हा कायदा इथल्या भाडेकरूंच्याही मदतीला आला. युद्धोत्तर टंचाईत त्याने असंख्य कुटुंबांना बेघर होण्यापासून वाचवले, हे विसरता येत नाही. पण भाडे चहाच्या खर्चाइतके राहिल्यावर मालकाने कौले चाळणे सोडले. भाडेकरूला मालकी नव्हती, म्हणून त्यानेही तुळई बदलली नाही. त्यात वाटण्या झाल्या. तीन पिढ्यांत एका वाड्याचे दहा-बारा हिस्सेदार होतात. एक पुण्यात, एक मुंबईत, एक परदेशात, आणि एकाशी बोलणे बंद. दुकानाचे उत्पन्न घराला पोसत असे ती साखळी इथे तुटली. मुंबईत १९६९ च्या कायद्याने जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ तरी स्थापन झाले. कोल्हापूरला तसे काही मिळाले नाही. इथे महापालिकेच्या हातात मुख्यतः पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना द्यायची नोटीस उरली. नोटीस मिळाली की मालक आणि भाडेकरू दोघेही न्यायालयात जातात, आणि भिंत पावसात उभी राहते किंवा पडते.

कोंडी फोडली ती सदनिकांच्या कायद्यांनी. १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आणि १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा यांमुळे एका भूखंडावरच्या इमारतीतला एक तुकडा स्वतंत्रपणे विकता येऊ लागला. हिस्सेदारांना एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता आपापला वाटा फ्लॅटच्या रूपात घेण्याची सोय झाली. १९७२ मध्ये, १८५४ पासूनच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पेठेत तीन-चार मजली अपार्टमेंट दिसू लागली. खाली रस्त्याकडे गाळे, मागे पार्किंग, वर दोन-दोन खोल्यांचे फ्लॅट. पाहायला गेले तर ही मिश्र वापराचीच इमारत, आणि जुन्या घराचा क्रम तिने बऱ्याच अंशी राखला. गाळा रस्त्यालाच लागून राहिला. मात्र परडे गेले, विहीर बुजली, आणि गाळ्याचा मालक व वरच्या फ्लॅटचा मालक वेगळे झाले.

या इमारतींत एक धोका लपलेला होता, आणि तो गुजरातने दाखवून दिला. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशा कित्येक इमारती बसल्या ज्यांच्या तळमजल्यावर फक्त खांब होते आणि भिंती वरच्या मजल्यांपासून सुरू होत होत्या. पार्किंगसाठी किंवा शटरच्या गाळ्यांसाठी तळमजला मोकळा ठेवला की तो वरच्या मजल्यांच्या मानाने लवचीक होतो आणि धक्क्याचा सगळा ताण तिथेच एकवटतो. कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येते आणि १९६७ च्या कोयना भूकंपाचे हादरे इथल्या जुन्या माणसांना आठवतात. म्हणून खाली गाळे असलेल्या कोणत्याही उंच इमारतीत जिन्याभोवती आणि लिफ्टभोवती पायापासून गच्चीपर्यंत सलग काँक्रीटच्या भिंती घेणे हा ऐच्छिक खर्च मानता येत नाही.

खाली बाजार आणि वर बिऱ्हाडे ही जगातही जुनी गोष्ट आहे. प्राचीन रोममध्ये भाड्याच्या बहुमजली इमारतींच्या तळमजल्यावर दुकाने असत, आणि त्या इतक्या उंच होऊ लागल्या की सम्राट ऑगस्टसने सत्तर रोमन फुटांची मर्यादा घातली. विसाव्या शतकात ल कॉर्ब्युझिएने मार्सेलमध्ये १९५२ साली ३३७ घरांची एक इमारत पुरी केली आणि तिच्या मधल्या मजल्यांवर दुकानांची गल्लीच ठेवली. दुकाने चालवणे तिथे जड गेले, कारण बाहेरचे गिऱ्हाईक वर चढून येईना. शिवाजी पेठेतल्या कोणत्याही गाळेधारकाने हे आधीच सांगितले असते. पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात क्लास चालतो, दवाखाना चालतो, सीएचे ऑफिस चालते. किराणा आणि मिसळ चालत नाही. सिंगापूरने वेगळी वाट घेतली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या गृहनिर्माण मंडळाने अनेक उंच इमारतींचे तळमजले मोकळे ठेवले. तिथे लग्ने होतात, अंत्यविधीला माणसे जमतात, म्हातारी माणसे बुद्धिबळ खेळतात. पेठेच्या रस्त्याने आणि तालमीच्या कट्ट्याने जे काम केले ते तिथे इमारतीच्या पोटात बसवले गेले. पेठेसाठी मार्सेलपेक्षा सिंगापूरचा धडा कितीतरी जवळचा आहे.

महाराष्ट्रात टॉवरच्या मार्गाने जुनी वस्ती नवी करण्याचा मोठा प्रयोग मुंबईत झाला. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतले कलम ३३(७) एकेका जुन्या उपकरप्राप्त इमारतीसाठी, तर ३३(९) इमारतींच्या समूहासाठी. बिल्डरने जुन्या रहिवाशांना मोफत घर द्यायचे आणि त्या बदल्यात मिळालेल्या जादा चटई क्षेत्रावर विक्रीची घरे बांधायची, असे त्याचे सूत्र. भेंडीबाजारात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ मध्ये सुमारे साडेसोळा एकरांवर हे काम हाती घेतले. तिथे अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबे आणि साडेबाराशे दुकाने होती. बाजार रस्त्यालगत खालच्या मजल्यांवर आणि कुटुंबे वरच्या टॉवरमध्ये अशी त्याची रचना. हे जमले त्यामागे एक कारण असे की बहुतेक रहिवासी एका समाजाचे होते आणि सगळ्यांचा विश्वास असलेली एकच संस्था समोर होती. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींत जमीनच सरकारची होती. १९२० च्या दशकात बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देण्याच्या योजनेत वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये दिला गेला. शिवाजी पेठेत यांपैकी एकही परिस्थिती नाही. इथे जमीन शेकडो कुटुंबांत तुकड्या-तुकड्यांनी वाटलेली आहे, आणि तुकड्यांचे आकार सोप्याच्या रुंदीवर ठरलेले आहेत.

टॉवरचा पहिला अडसर त्यामुळे रेखाटनात नाही, सिटी सर्व्हेच्या नकाशात आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत ही उंच इमारत ठरते. तिच्यासमोरचा मुख्य रस्ता किमान १२ मीटर रुंद असावा, आणि अग्निशमनाची गाडी फिरेल इतकी मोकळी जागा भोवती असावी, अशी अपेक्षा असते. पेठेतल्या बहुतेक गल्ल्यांत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे यावे लागते. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे थोडे अपवाद वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. दाट वस्तीसाठी तिच्यात वेगळ्या तरतुदी आहेत, पण रस्ता नियमाने रुंद होत नाही, तो कोणाच्या तरी ओट्यातून जातो. म्हणून पेठेत टॉवर व्हायचा तर तो चौकालगतच्या, दोन्ही बाजूंनी मोठा रस्ता मिळणाऱ्या मोजक्या जागीच होऊ शकतो. त्यासाठी दहा-पंधरा मिळकतींचे एकत्रीकरण करावे लागते. गल्लीच्या मध्यावर चार मजल्यांपर्यंतची, जोत्याला जोते लावून उभी राहणारी इमारतच योग्य. सगळ्या पेठेत एकच उंची लादण्याचा हट्ट कोणत्याही बाजूने धरू नये.

जिथे टॉवर शक्य आहे तिथे आराखडा खालून वर ठरवावा लागतो. मुंबईत तो बहुतेकदा वरून खाली, म्हणजे विक्रीच्या फ्लॅटच्या हिशेबाने ठरतो. गाळ्यांची रुंदी तीन मीटरच्या आसपास राहिली, खोली बेताची राहिली आणि प्रत्येकाचे शटर रस्त्यावरच उघडले तर जुना दुकानदार परत येतो. गाळे आत वळवून मॉल केला तर तो येत नाही. गाळ्याच्या या मापाला वरच्या फ्लॅटच्या खोल्यांचे माप जुळले की खांब सरळ खाली उतरतात. जुळले नाही तर मधे जाड तुळयांचा एक मजला घालावा लागतो आणि खर्च व धोका दोन्ही वाढतात. रहिवाशांचा दरवाजा बाजूच्या शांत गल्लीतून हवा. हॉटेलाच्या भटारखान्याचा धूर गच्चीपर्यंत नेणारी वेगळी नळी, तेल अडवणारी टाकी आणि गाळ्यांची पाण्याची वेगळी टाकी या गोष्टी नकाशातच दाखवाव्या लागतात, कारण इमारत झाल्यावर त्यांना जागा मिळत नाही. गाड्या तळघरात नेण्याऐवजी पहिल्या एक-दोन मजल्यांच्या मागच्या बाजूला ठेवणे पेठेच्या पाण्याच्या उताराला धरून होईल.

राहिले ते जमिनीला चिकटून असलेले धंदे. पिठाची गिरण, मिरची कांडप, टेम्पो लावून चालणारा मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय, गणपतीच्या आधी दोन महिने चालणारे मूर्तिकाम. यांतल्या काहींना आवाज आणि हादरे आहेत, काहींना धूळ. जुन्या घरात परडे त्यांना झाकून घेई. टॉवरमध्ये त्यांना तळमजल्यावर मागच्या बाजूला, मुख्य सांगाड्यापासून अलग केलेल्या पायावर जागा द्यावी लागते. तालमीचेही तसेच. गेल्या काही दशकांत अनेक तालमींच्या जुन्या इमारती जाऊन काँक्रीटच्या आल्या आणि मातीच्या हौद्याशेजारी लोखंडी व्यायामशाळा आली. हौद्याला मात्र जमीनच लागते. माती ओली ठेवावी लागते, तिच्यात तेल, ताक आणि हळद मिसळावी लागते. तिचा भार आणि ओल वरच्या स्लॅबवर घेणे कोणी सुज्ञ अभियंता मान्य करणार नाही. तालमीची जागा एकत्रीकरणात घेतली तर तिला तळमजल्याचा रस्त्याकडचा कोपरा आणि समोर कट्ट्याइतकी मोकळी जागा मिळाली पाहिजे. वरच्या मजल्यावरचे ‘बहुउद्देशीय सभागृह’ हा त्याचा मोबदला होत नाही. गोठ्याला टॉवरमध्ये उत्तर नाही. शहराच्या कडेला गवळ्यांसाठी सामाईक गोठे, वैरणीची आणि पाण्याची सोय, आणि पेठेत दूधकट्ट्याची राखीव जागा हा त्यातल्या त्यात न्याय्य तोडगा आहे.

या सगळ्यामागे शहराच्या जागेचा ताण आहे. महापालिका झाल्यावर कित्येक दशके कोल्हापूरची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच राहिली. हद्दवाढीला भोवतालच्या गावांचा विरोध राहिला आणि पंचगंगेच्या पूररेषेने उत्तरेकडची जमीन आवळली. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर उंचावरच्या जुन्या पेठांवर बांधकामाचा डोळा आणखी वळला. देवळाच्या परिसरात भाविकांची गर्दी वाढत गेली आणि घराच्या जागी यात्री निवास बांधणे फायद्याचे ठरू लागले. वारशाच्या जागांवरही हा ताण येतो. १९३३ च्या कोल्हापूर सिनेटोनपासूनचा इतिहास असलेल्या, पुढे भालजी पेंढारकरांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या मंगळवार पेठेतल्या जयप्रभा स्टुडिओची विक्री झाल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, तेव्हा शहरभर आंदोलन झाले. वारसा यादीत नाव असणे पुरेसे नाही, त्या जागेच्या वापराची आणि खर्चाची तरतूदही लागते, हे त्या प्रकरणात दिसले.

तरतुदीचा प्रश्न टॉवरला सर्वांत जास्त लागू होतो. चार मजली अपार्टमेंट थोड्या वर्गणीत चालते. उंच इमारतीला दोन लिफ्ट, जनरेटर, आगीचा पंप, सांडपाण्याचे यंत्र आणि पहारेकरी लागतात, आणि मोफत घर मिळालेल्या जुन्या भाडेकरूला हा मासिक खर्च झेपत नाही. तो मग घर भाड्याने देऊन किंवा विकून उपनगरात जातो आणि पुनर्विकास झालेल्या पेठेत पेठेची माणसे राहत नाहीत. पुण्या-कोल्हापूरकडे सोसायटीऐवजी अपार्टमेंट पद्धतीने घोषणापत्र करण्याची रीत रुळलेली आहे. त्या घोषणापत्रात तळमजल्याचे काही गाळे कोणालाही न विकता सर्व रहिवाशांच्या सामाईक मालकीचे ठेवता येतात आणि त्यांचे भाडे कायमच्या देखभाल निधीत जमा करता येते. जुन्या मिळकतीत सोप्यातले दुकान माडीवरची कौले चाळत होते, त्याच हिशेबाने हे गाळे लिफ्टचे बिल भरू शकतात. त्यासाठी किती गाळे राखायचे, त्यांचे भाडे कोणी ठरवायचे आणि जुन्या गाळेधारकांना त्यांत अग्रहक्क द्यायचा का, हे विकसन करारावर सह्या होण्याआधी, सगळे हिस्सेदार आणि भाडेकरू समोर असताना लिहून घ्यावे लागते.